दीपनौकांची स्मृती जपावी

नांदेड-लातूरकडील आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस समुद्राची ओळख भूगोलाच्या पुस्तकातूनच झालेली असते. तेव्हा दीपनौकेसंबंधी आम्ही येथे लिहावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु कंधार, औसा व उदगीर येथील किल्ले जपावेत असे जे आपण म्हणतो, तोच विचार आम्ही थोडा पुढे नेत आहोत.

खडकावर दीपगृह बांधता येते. पण जेथे तळाशी सरकती वाळू आहे, तेथे पाया घालावा कशात? अशा ठिकाणी भक्कम नांगर टाकून एक जहाज उभे करीत व त्याच्या डोलकाठीवर दिवा लावीत. हीच दीपनौका होय. इंग्लंडात थेम्स नदीच्या मुखाशी नोअर येथे १७३२ साली अशी नौका प्रथम उभी राहिली. आपल्या देशातही हुगळीच्या मुखाशी व मुंबई बंदराच्या वाटेवर दीपनौका नांगरलेल्या असत. वादळ दिसताच इतर जहाजे बंदराकडे धाव घेत; दीपनौकेस मात्र नेमकी त्याच वेळी जागा सोडण्याची मुभा नसे.

हे व्रत किती कठीण होते पाहा. १९३४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावरील नॅन्टकेट दीपनौकेच्या बिनतारी संकेताच्या रोखाने, दाट धुक्यातून येणारे ‘ऑलिम्पिक’ नावाचे प्रचंड जहाज तिच्यावरच आदळले. नौकेवरील ११ जणांपैकी ७ जण प्राणांस मुकले. तिच्या जागी १९३६ साली बांधलेली दुसरी नौका आज बोस्टन येथे जपून ठेविली आहे.

पुढे स्वयंचलित दिव्यांचे बोये आले, उपग्रह आले आणि दीपनौकांचे काम बहुतेक ठिकाणी संपले. त्याबद्दल आम्हांस खेद नाही; माणसांचे प्राण वाचले हे उत्तमच झाले. परंतु किल्ला ढासळला तरी त्याचे दगड राहतात. नौका एकदा हलविली की पाण्यावर तिची खूणही उरत नाही. म्हणून तिची स्मृती बुद्ध्याच राखावी लागते.

जुने लोखंड राखण्यात पैसा का दवडावा, असे कोणी विचारील. खारे पाणी लोखंड खाते व डागडुजीस खर्च फार येतो, हे खरे आहे. पण साऱ्याच नौका राखा असे आमचे म्हणणे नाही. आपल्या सरकारने २०२४ साली ७५ दीपगृहांवरील प्रवाशांच्या सोयी लोकार्पण केल्या. गुजरातेत लोथल येथे सागरी वारशाचे राष्ट्रीय संकुल उभारण्याचे काम हाती घेतले आहे. तेथे एखादी दीपनौका, निदान तिचा दिवा, तिच्या रोजनिश्या व तिच्यावरील खलाश्यांची नावे ठेवावीत, एवढेच आमचे मागणे आहे.

मुलांनो, दूरदेशी जाऊन आलेल्यांचा गौरव जग करितेच. पण प्रभूने जेथे ठेविले तेथेच राहून, दुसऱ्यांच्या वाटेवर रात्रभर उजेड धरणाराही तितकाच थोर नव्हे काय? अशा माणसांची आठवण पुसली जाऊ देणे, हे कृतज्ञ समाजास शोभत नाही.