दॅन आय की दॅन मी?

हा लेख एका 'मी'मुळे लिहावा लागतोय.

मागच्या सेमिस्टरला कॅम्पसच्या तयारीसाठी मॉक जी.डी. झालं. माझा रूम पार्टनर साक्री तालुक्यातला. वर्कशॉपमध्ये लेथवर त्याचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला, पण इंग्रजी म्हटलं की घाम फुटतो. त्या दिवशी मात्र धीर करून बोलला. प्रोजेक्टमधल्या जोडीदाराविषयी म्हणाला, "ही नोज मोअर दॅन मी." बाहेरून आलेल्या ट्रेनरनी तिथंच थांबवलं. "दॅन मी नाही, दॅन आय! एवढं पण येत नाही?" सगळे हसले. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू? त्यानंतर गड्यानं तोंड उघडलं नाही. रात्री मेसमध्ये शेवभाजीचं ताट पुढे घेऊन एवढंच म्हणाला, "जाऊ दे भाऊ, आपलं काम नाही ते."

ते मला लागलं. म्हणून लायब्ररीत बसून या 'दॅन'चा पिच्छा पुरवला.

आधी गंमत बघा. मराठीतला 'मी' म्हणजे इंग्रजीतला 'आय', आणि इंग्रजीतला 'मी' म्हणजे मराठीतला 'मला'. उच्चार एक, विभक्ती वेगळी. त्यात आपली तुलना 'पेक्षा'वर चालते. 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय. ते लागलं की 'मी'चं सामान्यरूप होणारच – माझ्यापेक्षा, तुझ्यापेक्षा, त्याच्यापेक्षा. 'मीपेक्षा' असं लहान पोरसुद्धा म्हणत नाही. तेव्हा आपल्या डोक्यात 'दॅन'नंतर 'आय' न येता 'मी' येतो, यात अडाणीपणा नाही. आपल्या भाषेची सवय आहे ती.

मग 'दॅन आय' आलं कुठून? 'दॅन' हे शब्दयोगी नसून उभयान्वयी अव्यय आहे, म्हणजे दोन वाक्यं जोडणारा शब्द, असं जुन्या व्याकरणकारांचं म्हणणं. 'ही इज टॉलर दॅन आय' म्हणजे 'दॅन आय अॅम'; शेवटचं क्रियापद गाळलेलं. हा नियम ठासून मांडला रॉबर्ट लाउथ यांनी, १७६२ साली छापलेल्या इंग्रजी व्याकरणात. हे गृहस्थ पुढे लंडनचे बिशप झाले. पण लोक त्याआधीपासून 'दॅन मी' म्हणतच होते. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये कॅशियस सीझरची स्वतःशी तुलना करतो, तेव्हा 'दॅन'नंतर 'मी'च वापरतो. ते नाटक १५९९ च्या सुमाराचं, म्हणजे नियमाच्या दीडशे वर्षं आधीचं! आजच्या मोठ्या डिक्शनऱ्या 'दॅन'ला दोन्ही मानतात, उभयान्वयीही आणि शब्दयोगीही. बोलताना बहुतेक इंग्रज 'दॅन मी'च म्हणतात.

म्हणजे माझा पार्टनर चुकला नव्हता.

मग 'आय' आणि 'मी'त फरकच नाही का? आहे, आणि तो कळला पाहिजे. 'यू लव्ह क्रिकेट मोअर दॅन आय' म्हणजे मला क्रिकेट आवडतं, त्याहून तुला जास्त आवडतं. 'यू लव्ह क्रिकेट मोअर दॅन मी' म्हणजे तुझं माझ्यावर जेवढं प्रेम, त्याहून क्रिकेटवर जास्त. निदान पुस्तकी नियमानं तरी. पहिल्या वाक्यावर गप्पा होतात, दुसऱ्यावर भांडण! यावर सोपा उपाय म्हणजे क्रियापद गाळूच नका. 'दॅन आय डू', 'दॅन आय अॅम' म्हणा. परीक्षेतही चालतं, इंटरव्ह्यूतही, आणि अर्थही पक्का राहतो.

खरं सांगायचं तर ज्या चुकांकडे लक्ष द्यायला हवं त्या वेगळ्याच आहेत. 'ही इज सीनियर दॅन मी' आपण सर्रास म्हणतो. तिथे 'दॅन' नाही, 'टू' हवं. 'सीनियर टू मी'. 'जास्त चांगला' म्हणायच्या सवयीनं 'मोअर बेटर' म्हणतो, तेही चूक.

आणि इंजिनिअरनं तर आणखी एक गोष्ट जपावी. 'जळगावचं ऊन धुळ्यापेक्षा कडक' हे मराठीत चालून जातं. इंग्रजीत तसंच लिहिलं तर उन्हाची तुलना धुळे शहराशी होते. तिथे 'दॅन दॅट ऑफ धुळे' लागतं. आपल्या जर्नल्स काढून बघा. 'पहिल्या मोटरची एफिशियन्सी दुसऱ्या मोटरपेक्षा जास्त' हेच वाक्य इंग्रजीत घातलेलं सापडेल, 'दॅट ऑफ' गायब. एफिशियन्सीची तुलना एफिशियन्सीशीच व्हायला हवी. किलोची तुलना मीटरशी केली तर आपले सर मार्क देतील का?

आता मूळ मुद्दा. आपल्यातल्या कितीतरी पोरांची घरची बोली अहिराणी. घरी 'माले' म्हणणारं पोरगं शाळेत 'मला' म्हणायला शिकतं, ते 'शुद्ध बोल' ऐकत ऐकत. ग्रियर्सननं भाषांच्या पाहणीत तर खानदेशी बोली मराठीच्या खंडात न घेता १९०७ च्या खंडात भिल्ल बोलींबरोबर घातली. आपण काय बोलतो हे ठरवणारे नेहमी दुसरेच. तिथून हे पोरगं कॉलेजात येतं आणि 'मी' म्हटलं म्हणून पुन्हा हसू होतं. तिसऱ्यांदा कोण तोंड उघडेल?

चुका सुधारूच नयेत असं मी म्हणत नाही. सुधाराव्यात, पण वाक्य पूर्ण झाल्यावर, आणि ती खरंच चूक आहे याची खात्री करून. सरांना विनंती आहे की जी.डी.त आधी मुद्दा ऐकावा. आणि होस्टेलमधल्या आपण सगळ्यांनी निदान हसू तरी नये. मी हसलो होतो, म्हणून हे लिहितोय.

लेखाची पहिली प्रत पार्टनरलाच वाचायला दिली. वाचून म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो?" म्हटलं, "हो." तर म्हणे, "मग पुढच्या शनिवारच्या जी.डी.त माझं नाव टाक."

टाकलंय.