महाविद्यालय पाहावे गाव पाहून

बारावीचे वर्ष सुरू झाले, की मध्यमवर्गीय घरातील प्रवासाचे स्वरूपच पालटते. एरवी कुलदैवत, थंड हवेचे ठिकाण किंवा मामाचे गाव एवढ्यापुरती मर्यादित असलेली सुट्टी आता प्रवेश परीक्षांच्या वेळापत्रकाभोवती फिरू लागते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, नांदेडकडील अनेक कुटुंबे गेली काही दशके या निमित्ताने बंगळुरूची वाट धरीत आली आहेत. वडिलांच्या हाती गुणपत्रिकांची फाईल, आईच्या पिशवीत दशम्या आणि चटणी, धाकट्या भावंडाच्या डोळ्यांसमोर म्हैसूरचा राजवाडा आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो मुलगा किंवा मुलगी मात्र खिडकीपाशी गप्प, असे हे चित्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे.

अशा दौऱ्याची आखणी साधारणतः एकाच पद्धतीने होते. पहिले दोन दिवस महाविद्यालयांचे, तिसरा दिवस स्थलदर्शनाचा. पहिले ते कर्तव्य, दुसरे ती करमणूक. वस्तुतः ही विभागणीच सदोष आहे. ज्या गावात आपले अपत्य चार किंवा साडेपाच वर्षे राहणार, ते गाव पाहणे हाही महाविद्यालय पाहण्याचाच भाग होय. इमारत तासाभरात पाहून होते. गाव कळण्यास निदान एक दिवस द्यावा लागतो.

बंगळुरूच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर सुमारे पंचवीस-तीस किलोमीटर अंतरावर वसलेले होसकोटे हे याचे चांगले उदाहरण ठरेल. दंडुपाळ्य येथील एम. व्ही. जे. वैद्यकीय महाविद्यालय २००१ साली येथे सुरू झाले. त्याच समूहाचे १९८२ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय व्हाइटफील्डनजीक चन्नसंद्र येथे आहे. होसकोट्याहून शहराकडे येताना अवलहळ्ळी आणि कृष्णराजपुरम परिसरातही अभियांत्रिकीच्या संस्था आहेत. २०२३ मध्ये मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत पूर्ण झाल्यापासून मुख्य रेल्वे स्थानकावरून तेथवर गाडी न बदलता जाता येते. उद्यान एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून सकाळी उतरलेल्या सोलापूरकर कुटुंबास शहरातील महागड्या भागात मुक्काम करण्याचे त्यामुळे कारण उरत नाही. पुढे होसकोट्यापर्यंतचा टप्पा बसने किंवा रिक्षाने करावा. सुट्टीत घरी येताना विद्यार्थ्याला हाच मार्ग सामानासह एकट्याने पार करावा लागणार आहे. भाड्याच्या मोटारीने थेट दारात उतरणाऱ्या पालकांना ही गोष्ट उमगत नाही.

होसकोटे म्हणजे नवा कोट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडाने तो वसविला. बंगळुरू १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने जिंकल्यावर शहाजीराजांकडे जी जहागीर आली, तिच्यात बंगळुरू, कोलार, दोड्डबळ्ळापूर यांच्यासमवेत होसकोटेही होते. १७६८ च्या ऑगस्ट महिन्यात, पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धाच्या वेळी, गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीने रात्री हल्ला चढविला तो येथेच, आणि मराठ्यांनी तो परतवून लावला. अविमुक्तेश्वर मंदिराचे कोरीव खांब आणि गावालगतचा विस्तीर्ण तलाव आजही पाहता येतो. परक्या मुलखात निघालेल्या मराठी मुलाला आपल्या माणसांच्या पाऊलखुणा तेथे आधीपासून आहेत हे कळले, तर त्या मुलखाचे परकेपण थोडे तरी कमी होईल.

तरीही केवळ इतिहासापुरते गाव पाहू नये. तलावाकडून परतताना वाटेत औषधाचे दुकान किती दूर आहे, सायंकाळी सातनंतर बस किती वेळाने मिळते, मुलींच्या वसतिगृहाच्या रस्त्यावर दिवे आहेत की नाही, हे सहज दिसते. खानावळीत ‘ऊट’ आणि ‘नीरु’ एवढे दोन कानडी शब्द उच्चारले, तरी वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो. पहाटेपासून बिर्याणीसाठी रांगा लावणारे हे गाव शाकाहारी मुलाला काय खाऊ घालील, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांपेक्षा सकाळी दहाच्या सुमारास रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असलेली गर्दी अधिक खरे सांगते. कारण रुग्ण हेच त्या शिक्षणाचे मुख्य पुस्तक. अभियांत्रिकीच्या बाबतीत कार्यशाळेतील यंत्रांवर धूळ आहे की तेलाचा ओलावा, आणि सायंकाळी ग्रंथालयात किती खुर्च्या भरलेल्या आहेत, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

हे सारे पाहण्यास योग्य काळ कोणता? बहुतेक कुटुंबे निकालानंतर, प्रवेशाच्या धांदलीत जातात. त्या वेळी वर्ग बंद असतात, विद्यार्थी गावी गेलेले असतात आणि उघडे असते ते प्रवेश कार्यालय. त्याऐवजी बारावीच्या वर्षातील दिवाळीची सुट्टी अधिक उपयोगाची, कारण दिवाळीचे मोजके दिवस वगळले तर महाविद्यालये तेव्हा भरलेली असतात. हल्ली प्रवेश गुणानुक्रमाने आणि विद्यार्थ्याने भरलेल्या पसंतीक्रमाने ठरतो. कर्नाटकातील खासगी अभियांत्रिकी संस्थांसाठी परराज्यातील विद्यार्थी कॉमेडकेची परीक्षा देतात. वैद्यकीयसाठी ‘नीट’ आणि त्यानंतरची समुपदेशन फेरी असते. गुणानुक्रम आपल्या हाती पूर्णपणे नसतो, पसंतीक्रम मात्र असतो. तो ऐकीव माहितीवर भरायचा की डोळ्यांनी पाहून, एवढाच प्रश्न आहे.

दौऱ्यात प्रश्न कोणी विचारावेत, याचाही विचार व्हावा. पालकांनी प्रवेश कार्यालयात शुल्काची चौकशी करावी. वर्ग, वसतिगृह आणि भोजनगृह यांविषयी मुलाने तेथील विद्यार्थ्यांशी स्वतः बोलावे आणि त्या वेळी आईवडिलांनी शक्यतो दूर बसावे. वडिलांच्या देखत कोणताही विद्यार्थी वसतिगृहाविषयी मोकळेपणाने बोलत नाही. शिवाय चार वर्षे एकट्याने राहू पाहणारा तरुण अनोळखी माणसाशी चार वाक्ये बोलू शकतो की नाही, याची परीक्षाही त्यातच होते. ‘मला येथे राहावेसे वाटत नाही’ असे त्याने म्हटले, तर त्या वाक्याला शुल्काच्या आकड्याइतकेच वजन द्यावे.

आता पैशांचा विचार. परराज्यात गेलेले कुटुंब व्यवहारात कच्चे पडते, हा अनुभव जुना आहे. उत्तर प्रदेशातील एका विद्यार्थिनीकडे कर्नाटकातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयाने स्थानिकांपेक्षा कितीतरी अधिक शुल्क मागितले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९२ साली मोहिनी जैन खटल्याचा प्रसिद्ध निकाल लागला. देणगीच्या रूपाने उकळल्या जाणाऱ्या रकमेस न्यायालयाने बेकायदा ठरविले. त्यानंतरही ‘आज पैसे भरा, उद्या जागा राहणार नाही’ असे सांगणारे मध्यस्थ संपलेले नाहीत. म्हणून पहिल्या दौऱ्यात धनादेशपुस्तिका घरी ठेवावी आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हवाली करू नयेत. संस्थांनी ती अडकवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. सर्व वर्षांचे शुल्क, वसतिगृह, भोजन आणि अनामत रक्कम यांचा तपशील लेखी मागावा. ज्या रकमेची पावती मिळत नाही, ती बँकेच्या कर्जातही बसत नाही.

शाखेत जाऊन कर्जाची विचारणा करण्याची वेळही प्रवेशानंतरची नसून दौऱ्याच्या आधीची आहे. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास पत हमी योजनेखाली तारण लागत नाही. पालक मात्र सहकर्जदार असतात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जाच्या संस्थांसाठी तारण व जामीनदार यांशिवाय कर्जाची सोय आहे; आपली संस्था त्या यादीत आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला बँक कोणते निकष लावते, तेही विचारून घ्यावे. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते, पण व्याज त्याआधीपासून चढत असते, ही गोष्ट मुलालाही ठाऊक असावी. कर्ज त्याच्या नावावर असणार आहे.

एवढा खर्च दौऱ्यावर का करावा, अशी शंका रास्त आहे. संकेतस्थळावर सारे दिसते, असेही म्हटले जाईल. परंतु चार जणांच्या शयनयान प्रवासाचा आणि तीन दिवसांच्या मुक्कामाचा खर्च हा एका वर्षाच्या शुल्कापुढे अल्प आहे, आणि पहिल्याच सत्रात महाविद्यालय सोडून परतणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे. बँक कर्मचाऱ्यांना तर रजा-प्रवास सवलतीचा मुहूर्त साधता येईल. ज्यांना सर्वांनी जाणे परवडत नाही, त्यांनी मुलगा आणि एक पालक एवढेच जावे. मुलाला मात्र वगळू नये.

चौथा दिवस हाती असेल, तर नंदीच्या डोंगराजवळील मुद्देनहळ्ळीस जाऊन यावे. हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे जन्मगाव. लहानपणी पितृछत्र हरपलेला हा मुलगा बंगळुरूस शिकवण्या करून पदवीधर झाला आणि म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकून १८८३ मध्ये उत्तीर्ण झाला. पुढे नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांनी चाकरी केली. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच देणगी. म्हैसूरचे दिवाण असताना त्यांच्याच पुढाकाराने १९१३ मध्ये म्हैसूर बँक आणि १९१७ मध्ये बंगळुरूचे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. आज मराठी मुले ज्या वाटेने दक्षिणेस जातात, त्याच वाटेने एक कानडी मुलगा उत्तरेस आला होता, आणि त्याच्या शिक्षणामागेही कोणीतरी पैसा उभा केला होता.

घरी परतल्यावर आठ दिवस थांबावे आणि मगच पसंतीक्रमाचा विचार सुरू करावा. घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे म्हणत. महाविद्यालयाच्या बाबतीत करून पाहण्याची चैन परवडणारी नाही. ते आधी गावासकट पाहून घ्यावे, हेच शहाणपणाचे.