'डिस्पोजल'च्या ट्रकचा मीटर किती खरा?

विश्रांतवाडीकरांना मिलिटरीचा ट्रक नवा नाही. एका अंगाला खडकीची छावणी आणि 512 आर्मी बेस वर्कशॉप, दुसऱ्या अंगाला दिघी-कळसची डीआरडीओची प्रयोगशाळा, मधून आळंदी रोड. आरटीओचं एक कार्यालयही इथंच, फुलेनगरला. गॅरेज, भंगार, टँकर, वाहतूक या धंद्यांत आपल्या समाजातली कितीतरी घरं आहेत. त्यामुळे 'डिस्पोजलची गाडी आहे, फक्त तीस हजार किलोमीटर चाललीय' हा निरोप आपल्याकडे हमखास येतो. आता तो मोबाईलवर, फोटोसकट येतो.

आमचं मत आधीच सांगतो. मिलिटरीच्या ट्रकवरचा किलोमीटरचा आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो खरा असला तरी त्यावरून फारसं काही कळत नाही.

सैन्यातला ट्रक आपल्या मालट्रकसारखा पुणे-मुंबई धावत नाही. तो उभा राहतो. वायरलेसची किंवा वर्कशॉपची बॉडी पाठीवर घेऊन इंजिन तासन् तास चालू ठेवतो, नाहीतर डोंगरात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतो. जागेवर एक तास चाललेलं इंजिन म्हणजे ढोबळमानाने 40-50 किलोमीटरची झीज, असा हिशेब जुने मेकॅनिक धरतात. मीटर मात्र चाक फिरल्याशिवाय हलत नाही. शिवाय वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी वेगळ्याच पद्धतीने म्हातारी होते. रबरी सील कडक होतात, ब्रेकची सिलिंडरं जाम होतात, डिझेलच्या टाकीत गंज आणि गाळ साठतो.

त्यात जुन्या गाड्यांचा मीटर केबलवर चालणारा. केबल सोडली की आकडा थांबला. पाच आकडी मीटर 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येतो. मोठ्या दुरुस्तीत मीटर बदलला गेला तर त्यात कुणाची लबाडीही नसते. शक्तिमानचंच उदाहरण घ्या. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनणारा हा ट्रक 1996 च्या सुमारास बंद झाला. म्हणजे आज कुणी शक्तिमान दाखवून '28 हजार' म्हणत असेल तर ते जवळपास तीस वर्षांतले 28 हजार, की 1 लाख 28 हजार, हे मीटर सांगू शकत नाही.

मग वय कुठून काढायचं? मिलिटरी नंबरवरून. वर तोंड केलेला बाण असतो, त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात आली ते वर्ष. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, त्यात पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 1418 म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा. सैन्यात प्रत्येक गाडीच्या धावण्याची नोंद कार डायरीत होते. ती गाडीसोबत हातात पडेलच असं नाही, पण तिची प्रत मिळाली तर मीटरपेक्षा तीच वाचावी. इंजिन ओव्हरहॉल झालं असेल तर त्यावर पट्टी आहे का, ते पाहावं.

बाकी सगळं हाताने आणि नाकाने. 'तीस हजारा'च्या गाडीत क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत आणि दरवाजाची बिजागरी लोंबलेली असेल तर समजून घ्या. रंग नवा दिसला की आम्हाला जास्त शंका येते. चेसिसच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगच्या ब्रॅकेटपाशी हातोडीने टिचकी मारून गंज पाहावा. गाडी सुरू करून दाखवत असतील तर इंजिन थंड असतानाच पोहोचा, आधीच तापवून ठेवलेली गाडी निम्मे रोग लपवते. गरम झाल्यावर ऑईलचं झाकण उघडा. तिथून भकाभक धूर येत असेल तर रिंगा गेल्या. गरम इंजिनचं ऑईल प्रेशर स्लोवर किती उरतं, ते पाहा. स्टॅलियन किंवा टाटाची एलपीटीए 713 घेताय तर चारही चाकांचा जोर लावून बघा, पण मातीवर, डांबरी रस्त्यावर नको. पुढच्या ॲक्सलच्या गोळ्यापाशी ग्रीस गळत असेल तर खर्च मोठा आहे, आणि सुटा भाग मिळायला वेळही लागतो.

लिलावात यातलं निम्मंही करता येत नाही. सरकारी कंपनी एमएसटीसीच्या ऑनलाईन लिलावात माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर विकला जातो. पाहणीचे दिवस ठरलेले, बॅटरी बहुतेकदा नसते. बोली लागल्यावर तक्रारीला जागा नाही.

पण खरा प्रश्न आता इंजिनाचा राहिलेला नाही, कागदाचा आहे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडेच जायला हव्यात, असा केंद्राचा नियम आहे. संरक्षणाच्या कामातल्या चिलखती आणि विशेष गाड्यांना त्यात सूट आहे, पण ती सूट सैन्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. म्हणून लॉटच्या अटीत आधी एकच ओळ शोधा: गाडी म्हणून विक्री आहे की भंगार म्हणून? भंगारात निघालेल्या ट्रकचं इंजिन घड्याळासारखं चालत असलं तरी त्याला नंबर मिळणार नाही. लष्करी वापर संपलेल्या गाडीची मोटार वाहन कायद्याने नागरी नोंदणी करावी लागते आणि तिथं संबंधित अधिकाऱ्याचं मूळ विक्री प्रमाणपत्र मागतात. झेरॉक्स चालत नाही. त्यावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः खडू घासून जुळवा, विक्रेत्याने वाचून दाखवलेला धरू नका.

आणखी एक धंदा वेगळाच फोफावलाय. 'मी फौजी आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात काढतोय' म्हणत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवायचं, मग 'गेटपास'च्या नावाने क्यूआर कोड. सैन्याचा ट्रक कुणा जवानाच्या मालकीचा नसतो, तो जवान विकूच शकत नाही, एवढं घरातल्या पोरांना माहीत असलं तरी पुरे. पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करावा.

विकणारे आपलेही असतात, हेही बोलायला हवं. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. मीटर मागे फिरवणं ही त्याच ओलीवर टाकलेली कोरडी पसर आहे. कायद्यात भारतीय न्याय संहितेचं 318 वं कलम फसवणुकीचं आहेच, पण वीस वर्षं जुन्या मीटरचा मूळ आकडा कोर्टात सिद्ध कोण करणार?

भाव ठरवताना आम्ही उलटा हिशेब सुचवतो. आधी लोखंडाच्या वजनाची भंगार किंमत काढा. तिच्यात जीएसटी, क्रेन आणि ओढून आणण्याचा खर्च, टायर, बॅटरी, ब्रेकचं पूर्ण काम, नोंदणी आणि फिटनेस मिळवा. एवढ्या पैशात चालती नागरी गाडी बाजारात मिळत असेल तर लिलाव सोडून द्यावा. घेतलीच तर रंगाचाही खर्च धरा: ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना आहे, त्या रंगात ती रस्त्यावर आणता येत नाही.