पेल्याखालची मेणबत्ती

आमच्या घरी दिवाळीला येणाऱ्या काही पाहुण्यांना फराळाआधी एक प्रयोग करावा लागतो. सर्वांना नव्हे, फक्त जे आमच्या मातोश्रींच्या हाताखाली चौथी शिकून गेले त्यांना. समोर पाण्याची थाळी येते, तीत मेणबत्ती उभी केलेली असते, शेजारी काचेचा पेला असतो. पाहुण्याचे केस पिकलेले असोत की टक्कल पडलेले असो, त्याची सुटका नाही. हा प्रघात कसा पडला ते सांगायचे म्हणजे दूरचित्रवाणीपासून सुरुवात करायला हवी.

मी मराठीचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. परंतु विज्ञान मला भेटले ते मात्र फार थाटात. १९८९ साली मी चौथीत होतो आणि वर्गशिक्षिका म्हणजे प्रत्यक्ष आमची आई. शाळेत तिला ‘बाई’ म्हणायचे, घरी ‘आई’. यात घोटाळा झाला की दोन्हीकडे बोलणी बसत. शाळेत एक दूरचित्रवाणी संच आलेला होता. तो लाकडी कपाटात असे, कपाटाला कुलूप असे आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला असे म्हणतात. त्या काळी पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’चे कार्यक्रम दूरदर्शनवरून लागत. ही संस्था १९८४ मध्ये निघाली आणि मराठी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम करीत राहिली. २०१७ साली ती बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी मी दोनदा वाचली.

एके दिवशी हवेवरचा पाठ सुरू झाला आणि पाच मिनिटांत वीज गेली. साठ पोरांनी एकच गिल्ला केला. बाई म्हणाल्या, “गप्प बसा. उरलेलं आपण करू.” मग थाळी आली, कुंकवाने लाल केलेले पाणी आले, मेणबत्ती पेटली. पेला पालथा घातला, ज्योत विझली आणि पाणी पेल्यात सुळकन वर चढले! बाईंनी कारण सांगितले: हवेत एकपंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपला, म्हणून पाणी तेवढेच वर चढले. आम्ही ते पाठ केले. बाईंनीही ते कुठल्याशा मार्गदर्शिकेतून पाठच केले होते, हे पुढे कळायचे होते.

पडद्यावरून शाळकरी पोरांना विज्ञान शिकवण्याचा आपल्या देशातला मोठा खटाटोप त्याआधीच होऊन गेला होता. त्याचे नाव ‘साइट’. विक्रम साराभाईंचे हे स्वप्न, १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला, पण ते पुरे झालेले पाहायला साराभाई राहिले नाहीत, १९७१ च्या डिसेंबरात ते गेले. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, बरोबर एक वर्ष, अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्याला वापरायला मिळाला. शेजारणीकडून लग्नकार्यापुरते पातेले आणावे तसा! आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली गेली. त्यांतल्या कितीतरी लोकांनी रेल्वेही पाहिली नसेल, पण त्यांच्या छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी तबकडी बसली आणि तीत थेट आकाशातून चित्रे उतरू लागली. सकाळी दीड तास शाळांचा. चार भाषांत वाटल्यावर एकेका भाषेला सव्वाबावीस-साडेबावीस मिनिटे येत.

महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम तयार झाले ते इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत. आणि साऱ्या प्रयोगाचे व्यवस्थापन पाहणारे एकनाथ चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. तेव्हा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

वर्ष संपले, उपग्रह मालकाकडे परत गेला. मग मोजदाद झाली. मुलांचे परीक्षेतले गुण काही विशेष वाढले नव्हते. ज्यांना गुणपत्रिकाच दिसते त्यांनी येथे मान हलवली असेल. पण मुलांची भाषा सुधारली होती, आणि गुरुजी व पुस्तक यांच्या पलीकडे जाऊन माहिती मिळवण्याची ओढ वाढली होती. मला स्वतःला मात्र तिसरी गोष्ट मोठी वाटते. त्याच उपग्रहावरून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे धडे देण्यात आले, तेही सुट्टीत, बारा-बारा दिवस. म्हणजे पडद्याने मास्तरला बाजूला सारले नाही; आधी त्यालाच बाकावर बसवले. आमची आई त्या धड्यांच्या वाट्याला आली असती तर, असे मला राहून राहून वाटते.

२०२० साली शाळांना कुलुपे लागली. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. घरातल्याच वस्तू घेऊन काहीबाही करून पाहायचे, असा तिचा बाज. आमचे चिरंजीव पाचवीत. शेजारी त्याची आजी, निवृत्त होऊन बारा वर्षे झालेली, पण पडद्यापुढे बसताना पदर सावरून बसणारी. कार्यक्रम संपला की दोघांचे उद्योग सुरू. एका सकाळी आजीने आपला ठेवणीतला प्रयोग काढला. थाळी, मेणबत्ती, पेला. पाणी चढले. एकपंचमांश.

नातू म्हणाला, “आजी, दोन मेणबत्त्या लावल्या तर?”

“तेवढंच चढणार. पेला तोच, हवा तेवढीच.”

“लावून बघू या?”

लावल्या. पाणी चांगले बोटभर जास्त चढले. तीन लावल्या, आणखी चढले. आजी पेल्याकडे पाहत राहिली. मग तिने पुन्हा एक लावली, आणि तिच्या लक्षात आले की ज्योत जळत असताना पाणी फारसे हलतच नाही; ती विझल्यावर चढते.

मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, ही चूक फार जुनी आहे. ज्योतीने हवा तापते, फुगते. पेला पालथा घालताना थोडी बुडबुड्यांनी बाहेरही जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होते, आक्रसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त तर हवा जास्त तापलेली. शिवाय ज्योत विझते तेव्हा प्राणवायू सगळा संपलेला नसतोच, आणि जो जळतो त्याच्या जागी कर्बवायू व वाफ येते.

आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, “पस्तीस वर्षं. दर वर्षी साठ पोरं. आणि एकानंही विचारलं नाही, दोन लावल्या तर? विचारलं असेल रे. मीच गप्प बसवलं असेल.”

मी म्हणालो, “आई, पोरं कधीच विसरली असतील.” माझ्या मते हे सांत्वन होते. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा चौथीत गेलो.

दुसऱ्या दिवशी तिने शंभरपानी वही आणवली आणि आठवतील तेवढी नावे लिहून काढली. घरी येईल त्याचा प्रयोग, आणि मग नावापुढे खूण. माझी खूण पहिली. फोनवर तिचा विश्वास नाही. पोराने स्वतःच्या हाताने पेला पालथा घातला पाहिजे, असे तिचे म्हणणे. आजवर ३७ खुणा झाल्या आहेत.

गेल्या पाडव्याला एक गृहस्थ सहकुटुंब आले. बँकेत मोठे अधिकारी. माझ्या पुढच्या बाकावर बसत. वाकून नमस्कार केला, तोच थाळी पुढे आली. त्यांची मुलगी कुतूहलाने जवळ सरकली. आईने विचारले, “सांग बघू, पाणी किती चढेल?”

साहेबांचा चेहरा उजळला. लेकीसमोर उत्तर येत होते! “एकपंचमांश, बाई!”

“शाब्बास,” आई म्हणाली. “पाठांतर चांगलं आहे. आता दुसरी मेणबत्ती लाव.”