रान, लोखंड आणि शोभा

शहरांतील एखादी जमीन कांहीं वर्षें पडीक राहिली, तिच्यावर गवत माजलें आणि झुडपांनीं डोकें वर काढलें, कीं नगरसुधारकांचे हात शिवशिवूं लागतात. तेथें फरशी हवी, कारंजें हवें आणि नव्या युगाची खूण म्हणून एखादें अमूर्त शिल्पही हवें, असा त्यांचा आग्रह सुरू होतो. उलट पक्षीं निसर्गभक्तांचा एक वर्ग असा आहे कीं, रानांत मनुष्याच्या हातची कोणतीही वस्तु दिसतांच त्याच्या कपाळास आठ्या पडतात. पहिल्यास रान ही रिकामी जागा वाटते. दुसऱ्यास शिल्प हें अतिक्रमण वाटतें. आमचा वाद या दोघांशींही आहे, आणि तो हवेंत करण्यापेक्षां बर्लिन शहरांतील एका प्रत्यक्ष उदाहरणावर करणें बरें.

बर्लिनच्या दक्षिण भागांत टेंपेलहोफ येथें मालगाड्यांचे डबे लावण्याचें एक विस्तीर्ण यार्ड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराची फाळणी झाली. पश्चिम बर्लिनमधील रेल्वेचा कारभार पूर्वेकडील राजवटीच्या हातीं राहिला आणि 1952 सालीं त्या यार्डांतील काम थांबलें. मग रुळांमधून गवत उगवलें आणि गवतामागून भूर्ज व रॉबिनिया यांचें रान उठलें. पुढें तेथें नवें मालस्थानक बांधण्याचा बेत झाला, तेव्हां 1980 नंतरच्या दशकांत नागरिकांनीं त्याविरुद्ध चळवळ केली. अखेर 1999 सालीं या भूमीस कायद्याचें संरक्षण मिळालें आणि 2000 सालीं सुमारें 18 हेक्टरांचें हें ‘झ्यूडगेलेंडे’ उद्यान लोकांस खुलें झालें. ‘ओडिअस’ नांवाच्या शिल्पकार-मंडळाचीं पोलादी शिल्पें त्यांत उभीं आहेत; आणि रानाच्या नाजूक भागावरून जमिनीपासून कांहींशी उंच अशी लोखंडी जाळीची पायवाट त्याच मंडळाच्या रचनेनुसार नेलेली आहे.

सुधारकांनीं येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, या रानाचें मोल शिल्पांनीं निर्माण केलेलें नाहीं. चाळीसांहून अधिक वर्षें त्या जमिनीस कोणीं सुधारलें नाहीं, हीच तिची पुंजी. दुसरी ही कीं, त्या शिल्पकारांचें सर्वांत यशस्वी काम म्हणजे ती पायवाट होय. ती मनुष्यास रानाच्या मध्यापर्यंत नेते, परंतु त्याचें पाऊल गवतावर पडूं देत नाहीं. जाळीखालून प्रकाश व पाऊस जमिनीस मिळतच राहतो. शोभेच्या नांवाखालीं ज्यांनीं आजवर जमिनी सपाट केल्या, त्यांनीं अशी एक तरी वाट बांधून दाखवावी.

निसर्गभक्तांस आमचें सांगणें निराळें आहे. ज्या रानास आपण निर्मळ व स्वयंभू म्हणून पूजितां, तें तसें कधींच नव्हतें. रॉबिनिया हा वृक्ष मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याच्या पायाखालची भूमि रेल्वेनें घडविलेली. शिवाय 1981 ते 1991 या दहा वर्षांत झाडीनें व्यापलेला भाग जवळजवळ दुप्पट झाला. तसेंच चालूं दिलें असतें तर उघडीं माळरानें, आणि त्यांवर जगणाऱ्या रानमधमाशा व नाकतोडे, यांस ठाव उरला नसता. म्हणून तेथें मेंढ्या चारतात व वाढती झाडी छाटतात. रान राखण्यासाठीं कोयता चालतो, तर लोखंड दिसलें म्हणून नाक कां मुरडावें? आणि त्या भूमीस लोखंड परकें थोडेंच आहे? गंजलेले रूळ, इंजिन वळविण्याची फिरती तबकडी आणि 1927 सालचा 50 मीटर उंचीचा पाण्याचा मनोरा हे तेथील जुने रहिवासीच होत.

अमूर्त आकृतीचा येथें एक खरा लाभ आहे. एखाद्या सेनापतीचा पुतळा उभा केला असता, तर त्यानें रानास आपल्या पराक्रमाचा पडदा बनविलें असतें. अमूर्त आकृतीस असा कोणताही इतिहास सांगावयाचा नसतो. तथापि अमूर्त शिल्प म्हणजे आपोआपच विनयी, असा भ्रम कोणीं बाळगूं नये. जमीन साफ करून, सिमेंटाचा ओटा घालून त्यावर चढविलेला पोलादाचा वांकडा पत्रा त्या सेनापतीइतकाच उद्दाम ठरतो. म्हणून अशा शिल्पाची पारख करावयाची तर दोन प्रश्न विचारावे: तें ठेवण्यासाठीं किती जमीन खरवडावी लागली, आणि तें ठेवल्यानें किती जमीन तुडविली जाण्यापासून वांचली?

बर्लिनचीं छायाचित्रें पाहून तशींच शिल्पें आपल्याही शहरांत हवींत, असें म्हणणारे पुष्कळ निघतील. पोलाद एका हंगामांत विकत मिळतें. चाळीस वर्षांचें रान कोणत्याही निविदेनें मिळत नाहीं. त्या शहरांत आधीं वनस्पतींची व प्राण्यांची मोजदाद झाली, नागरिकांनीं भांडून जमीन राखली, आणि शिल्पकार शेवटीं आले. आमचा आग्रह या क्रमाविषयीं आहे. ज्या नगरपालिकेस तो पाळावयाचा नसेल, तिनें शिल्पावर खर्च न करतां आपली पडीक जमीन तशीच पडीक राहूं द्यावी. तीच तिची मोठी कलासेवा होईल.