गर्दीचा देव आणि उपाशी विद्या

टिळकवाडीतील विधि महाविद्यालय ज्या कर्नाटक लॉ सोसायटीने १९३९ साली काढले, तिनेच १९७९ साली उद्यमबागेत अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले. भोवती फौंड्र्या आणि यंत्रांचे कारखाने. विद्येला शेजार मिळाला तो कामाचा.

गेली काही वर्षे मात्र देशभर संगणक विभागाचे वर्ग फुगत आहेत, आणि स्थापत्य व यंत्र हे विभाग सुकत आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पंधरा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हे प्रमाण विसांवर नेले. २०२४ साली चांगल्या ठरलेल्या संस्थांपुरती शाखेच्या प्रवेशसंख्येची कमाल मर्यादाही उठविली. 'मागणी तसा पुरवठा' असे याचे समर्थन होते. पण परवानगी म्हणजे आज्ञा नव्हे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. वर्ग एका वर्षात वाढविता येतो. जाणता अध्यापक घडावयास एक तप लागते.

१९९८ साली बेळगावात तंत्रविद्यापीठ झाले, त्याला नाव विश्वेश्वरय्यांचे. ते पुण्यात शिकलेले स्थापत्य अभियंते. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचे. नाव त्यांचे घ्यावे आणि त्यांचीच विद्या उपाशी ठेवावी, ही कसली गुरुदक्षिणा?

देवालयात मुख्य देवापुढे गर्दी असते, म्हणून परिवारदेवतांपुढील समई कोणी विझवीत नाही. तेल एकाच भांडारातून जाते. संस्थाचालकांनीही हाच नेम पाळावा. संगणक विभागाच्या शुल्कातून इतर विभागांचा योगक्षेम चालवावा, आणि विद्यार्थी थोडे म्हणून अध्यापकाचे आसन हालवू नये.