दोन तारा नकोत, दोन वाटा हव्यात

शाळेच्या संगणक कक्षासाठी दुसरी इंटरनेट जोडणी घ्यावी का, हा विषय सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. आमचे मत असे की घ्यावी. पण कशी घ्यावी, हे आधी ठरवावे.

मागच्या पावसाळ्यात धार रस्त्याच्या कडेला खोदकाम चालू असताना तार तुटली आणि ऐन शेवटच्या दिवशी मुलांचे परीक्षा-अर्ज अडकले. पालकांना कागदपत्रे घेऊन बेटम्याहून इंदूरला धावावे लागले. त्यावर काहींनी सुचवले की जास्त वेगाची योजना घेऊ. पण १०० एमबीपीएसच्या जागी ३०० घेतले, तरी तुटलेल्या तारेतून शून्यच येणार!

दोन तारा मिळून एक करण्याची सोय जुनी आहे. संगणकाची दोन नेटवर्क कार्डे एकाच स्विचला जोडून त्यांची मोळी बांधायची, याचे जागतिक मानक २००० साली ठरले. विद्यार्थी मित्रांनो, यात एक गंमत आहे. फी भरायला दोन खिडक्या उघडल्या तर रांग लवकर सरते, पण एकट्या माणसाची पावती काही दुप्पट वेगाने फाटत नाही. तसेच इथे. एका मुलाची एक फाईल साधारणपणे एकाच तारेने जाते. फायदा होतो तो चाळीस मुले एकदम बसली म्हणजे. शिवाय एक तार निकामी झाली तर दुसरी काम सांभाळते.

ही मोळी शाळेच्या आत बांधता येते. बाहेरच्या दोन कंपन्यांच्या जोडण्या मात्र सहसा राउटर सांभाळतो. तो काम दोहोंत वाटतो आणि एक बंद पडली की सारे दुसरीकडे वळवतो.

पण दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्या तर? ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ 'सी-मी-वी ४' आणि 'फ्लॅग' या समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. भारतभर इंटरनेट रखडले. केबल दोन होत्या, वाट मात्र एकच होती. ज्यांच्याकडे पूर्वेकडून, प्रशांत महासागरातून जाणारी वाट होती, ते लवकर सावरले.

म्हणून आमची विश्वस्तांना विनंती आहे की एक जोडणी फायबरची घ्यावी आणि दुसरी मोबाइल टॉवरवरून येणारी बिनतारी, तीही दुसऱ्या कंपनीची. दुसरीचा वेग कमी असला तरी चालेल. राउटरला यूपीएस हवाच, नाहीतर वीज गेली की दोन्ही वाटा बंद. आणि महिन्यातून एकदा मुलांनीच, सरांसमोर, एक तार मुद्दाम काढून पाहावी. न तपासलेली दुसरी वाट ऐन वेळी दगा देते.

पालकांनीही आपले मत कार्यालयात लेखी द्यावे. पुढच्या वर्षी अर्ज भरायला कोणालाही इंदूर गाठावे लागू नये, एवढीच आमची इच्छा.